मधली चित्रं

ओइझुमीच्या भाजीबाजारातून जाताना पुढच्या म्हाताऱ्याच्या हातून काठी पडली, त्याने गुडघा सांभाळत वाकून ती उचलली, आणि मागून तोगाशी मिझुए मोठ्याने म्हणाली, "दोन अधिक आठ." म्हाताऱ्याने वळून पाहिलं. "काही म्हणालात का?" "नाही नाही, माफ करा," म्हणत मिझुए तीनतीनदा वाकली आणि मुळ्यांच्या ढिगाआड जवळजवळ लपलीच. कोटाच्या खिशात तिचा अंगठा स्टॉपवॉचवर होता. काठी पडली तेव्हा तो आपोआप दाबला गेला होता, म्हातारा उभा राहिला तेव्हा पुन्हा. तिने घड्याळ बाहेर काढून पाहिलं. दोन सेकंद आणि वर आठ फ्रेम. चोवीस फ्रेमचा एक सेकंद, तिच्या धंद्यात वेळ अशीच सांगतात. म्हणजे तोंडातून आकडा आधी निघाला होता आणि घड्याळाने नंतर मान डोलावली होती. त्रेचाळीस वर्षांच्या बाईने भररस्त्यात उड्या मारायच्या नसतात, म्हणून ती मुळे चाचपत राहिली, आणि भाजीवालीने "एक देऊ की दोन?" असं विचारलं तेव्हा तिने "तीन" म्हणून सांगितलं. एकटीच्या घरात तीन मुळे आठवडाभर पुरले असते. ते घेऊन ती तशीच स्टुडिओत गेली.

हे घड्याळ तिच्याकडे येऊन तीनच दिवस झाले होते. त्याआधी एकवीस वर्षं तिला घड्याळाची गरज पडली नव्हती, कारण तिचं काम मधली चित्रं काढण्याचं. मुख्य चित्रकार दोन चित्रं काढतो: हात टेबलावर आहे, हात कपाळावर आहे. टेबलापासून कपाळापर्यंत तो हात जातो कसा, ती तीन किंवा पाच चित्रं मिझुएने काढायची. खालून उजेड येणाऱ्या टेबलावर दोन्ही कागद एकमेकांवर ठेवायचे आणि दोन रेषांच्या मधून तिसरी रेष न्यायची. ती इतकी बिनचूक न्यायची की पाहणाऱ्याला वाटावं, हात आपला आपण गेला. काम जितकं चांगलं तितकं ते दिसत नाही. दिसलं की चुकलं. मिझुएचं सहसा चुकत नसे, आणि म्हणून एकवीस वर्षांत तिचं चित्र कोणी पाहिलं असं म्हणता येत नाही. याचं तिला दुःख होतं का? तिला विचारलं असतं तर तिने हसून टेबलावरची रबराची भुकटी फुंकली असती. किती वेळ लागावा हे कागदाच्या कडेला दिग्दर्शकाने लिहिलेलं असायचंच. एक अधिक सहा. तीन अधिक बारा. ती ते पत्त्यावरचा पिनकोड वाचावा तसं वाचायची.

मग नोव्हेंबरात सांगण्यात आलं की वसंत ऋतूपासून मधल्या चित्रांचं खातं बंद. बरीचशी चित्रं तशीही परदेशातून काढून येत होती, आता सगळीच तिकडे जाणार. खात्यात पाच जण होते. एक रंगखात्यात गेला, दोघांनी दुसरीकडे सोय लावली, एक आपल्या गावी संत्र्यांच्या बागेत परतली. मिझुए काहीच ठरवेना. तेव्हा कुवाबारासाननी तिला बोलावलं. कुवाबारासान दिग्दर्शक, वय अडुसष्ट, एक गुडघा कामातून गेलेला, बोलणं मोजकं आणि त्यातलं निम्मं चहाच्या कपात. आपल्या नव्या लघुपटाच्या स्टोरीबोर्डातली सव्वीस चित्रं त्यांनी तिच्यापुढे सरकवली. शाळेच्या दारातली जागा, बुटांची कपाटं, एक सात वर्षांची मुलगी. सगळी मुलं गेलेली. मुलगी आईची वाट पाहते. बाहेर सायकल वाजते, ती दाराकडे बघते. सायकल निघून जाते. मग मान खाली घालते. पुढे आई येते. सगळी मिळून नव्वद सेकंदं.

"चित्रं माझी," कुवाबारासान म्हणाले, "वेळ तुझी. कुठलं चित्र किती राहावं ते तू ठरव. निइमीकडे बसून अ‍ॅनिमॅटिक कर. शुक्रवारी बघतो. जमलं तर या प्रसंगाचं दिग्दर्शन तुझं, पार शेवटच्या रंगीत चित्रापर्यंत."

"आणि नाही जमलं तर?"

"स्कॅनिंगला एक माणूस हवाय म्हणे."

"पण मला कसं जमणार? मी कधी वेळ ठरवलेलीच नाही."

"एकवीस वर्षं माझ्या वेळा वाचत आलीयस, तोगाशी. एकदा तरी मनात आलं असेल ना, की म्हाताऱ्याने इथे माती खाल्ली?"

"छे! कधीच नाही," मिझुए म्हणाली. हे खोटं होतं. सात वर्षांपूर्वी एका प्रसंगात एक बाई पत्र वाचून फार लवकर रडू लागली होती. मिझुएने त्या रडण्याची मधली चारही चित्रं निमूटपणे काढली होती आणि घरी जाताना रस्ताभर ती मनातल्या मनात त्या बाईला म्हणत होती, अगं थांब की जरा. कुवाबारासाननी तिच्याकडे बघून चहाचा घोट घेतला आणि खिशातलं घड्याळ तिच्या हातावर ठेवलं. त्याची कड त्यांच्या अंगठ्याने गुळगुळीत झाली होती.

निइमी संकलक. त्याची खोली जिन्याखाली, खिडकी नाही, आणि तिला कायम समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भाताचा वास. माणूस जाडजूड, पन्नाशीचा, खुर्चीला चाकं असल्यामुळे दिवसभरात उभा राहतो की नाही अशी शंका यावी. त्याने अ‍ॅनिमॅटिकसाठी, म्हणजे कच्च्या चित्रांना वेळ लावून केलेल्या नमुन्यासाठी, सव्वीस चित्रं संगणकात घेतली, पडद्यावर ओळीने मांडली आणि माउस तिच्या हातात दिला. "हे चित्र. याची कड धरा आणि ओढा. लांब ओढलं की जास्त वेळ राहील, आखूड केलं की कमी. झालं, आलं तुम्हाला अ‍ॅनिमॅटिक. माझी फी एक मुळा." मिझुएने कड धरून ओढली. पहिल्यांदा तिने सगळ्यांना सारखाच वेळ दिला, पंगतीत वाढावं तसा, आणि निइमीने चालू केलं. दार, कपाट, मुलगी, मुलीचे पाय, दार. चित्रं एकामागून एक ढकलली जात होती. मग तिने पायांचं चित्र थोडं वाढवलं आणि दाराचं कापलं. पुन्हा चालू. आणि कसं कोण जाणे, ते पाय कंटाळले. कागदावर तेच होते, रेषसुद्धा हललेली नव्हती, पण ते पाय कंटाळलेले होते, एक चवडा दुसऱ्यावर घासावासा वाटत होता त्यांना. मिझुए किंचाळलीच. "बघितलंत? निइमीसान, बघितलंत?" "बघतोय की. पंचवीस वर्षं तेच बघतोय," निइमी म्हणाला, पण तोही हसत होता. तिने पाय एक सेकंद आणखी वाढवले तर ते झोपले. कमी केले तर त्यांना घाई झाली. एका अधिक-उण्यात एवढं सगळं असतं आणि हे आपल्याला कोणी सांगितलं कसं नाही, असं तिला झालं. एकवीस वर्षं भाताच्या कोठारात राहून आज पहिल्यांदा घास तोंडात गेला होता.

दुसऱ्या दिवशी आवाज भरले. खरे नट नंतर येतात. अ‍ॅनिमॅटिकला स्टुडिओतल्या माणसांचे उसने आवाज लावायची इथली रीत. मुलीला एकच वाक्य होतं, शाळेतल्या बाई घरी जायला निघतात तेव्हा ती त्यांना म्हणते ते. त्यासाठी हिशेबखात्यातल्या ओकुयामासानना धरून आणलं. वय अठ्ठावन्न, आवाज मात्र चिमणीचा. त्या माइकसमोर एवढ्या ताठ बसल्या की जणू त्यांचीच परीक्षा. "बाई, मी थांबते अजून थोडा वेळ," असं त्यांनी म्हटलं आणि स्वतःच लाजल्या. "बरं झालं का गं? पुन्हा म्हणू? नातीला सांगणार आहे मी, म्हटलं, आजी सिनेमात आहे." सायकल निइमीने तोंडाने केली. आधी जिभेने साखळीची टकटक, मग गालात हवा धरून चाकाचा सर्रर्र, मग घंटी. घंटीला तो इतका रंगला की चाकाच्या खुर्चीवरून खरंच दारापर्यंत गेला. मिझुएला हसून हसून खोकला आला. त्या तीन दिवसांत ती जितकं हसली तितकं गेल्या तीन वर्षांत हसली नसेल. ती सगळंच मोजत सुटली होती. वाण्याने सुटे पैसे हातावर ठेवायला एक अधिक चार. शेजारणीला नमस्कार करून मान वर करायला एक अधिक अठरा, तिचं आणि नवऱ्याचं भांडण झालं असेल तर दोन. जगात सगळ्या गोष्टींना आपापला वेळ होता, तो उघड्यावर पडलेला होता, आणि कोणीच उचलत नव्हतं.

घात झाला तो हाताच्या सवयीने. अ‍ॅनिमॅटिक पाहताना तिला मधल्या फटी टोचायला लागल्या. मुलगी बसलेली आहे, आणि पुढच्या चित्रात एकदम दाराकडे बघतेय. मान वळली कुठे? मांजराच्या पिलाला दोरा दिसावा तसं झालं. रात्री नाही, चक्क दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, दप्तरातून पेन्सिल काढावी इतक्या निरागसपणे तिने मानेची तीन चित्रं काढली आणि मधे घातली. मान वळली. काय सुरेख वळली! मग पाय हलले. मग बाईंचा हात दारावरून सरकला. मग सायकलीची सावली जमिनीवरून गेली, तिची अकरा. मंगळवार आणि बुधवारची दुपार कशी गेली ते तिला कळलं नाही. सव्विसांची दोनशे अकरा झाली. निइमी एकदा म्हणाला, "तोगाशीसान, हे अ‍ॅनिमॅटिक आहे हं, लग्नाचा शालू नव्हे," पण तिच्या कानात सायकल वाजत होती. बुधवारी संध्याकाळी तिला शुक्रवारपर्यंत धीर धरवेना. ती स्वतःच कुवाबारासानना जिन्याखाली घेऊन आली, त्यांच्या गुडघ्याखाली उशीसुद्धा ठेवली, आणि चालू केलं.

नव्वद सेकंदं संपली. कुवाबारासान म्हणाले, "वाहतंय."

"हो ना?" मिझुए म्हणाली.

"पाण्यासारखं वाहतंय. मुलगी कुठाय?"

मिझुएला प्रश्न कळला नाही. तिने पडद्याकडे बोट दाखवलं.

"ही होय? ही तर तुझ्या खात्यातली दिसते. हात रिकामा राहिला की पगार कापतील असं वाटतंय तिला. क्षणभर गप्प बसत नाही." त्यांनी उशी काढून बाजूला ठेवली. "अ‍ॅनिमॅटिक म्हणजे प्रश्न असतो, तोगाशी. एवढा वेळ पुरे का? हे चित्र इतकं राहिलं तर पेलेल का? तू प्रश्नच विचारला नाहीस. तुला जिथे फट दिसली तिथे तू भरलीस. मला प्रसंग हवा होता, तू मधली चित्रं आणलीस." मग जाता जाता, दाराच्या चौकटीला धरून: "चित्रं मात्र फार छान आहेत." हे वाक्य सगळ्यात जास्त लागलं.

गुरुवारी सकाळी ती स्टुडिओत न जाता शाकुजीच्या तळ्याकाठी जाऊन बसली. वाईट वाटत होतं, पण नुसतं वाईट वाटलं असतं तर परवडलं असतं. हे मिरचीचं बी दाताखाली यावं तसं होतं, जीभ भाजत होती आणि तोंडाला पाणीही सुटत होतं. म्हातारा बरोबर बोलला होता हे तिला कळत होतं. कुठे बरोबर ते कळत नव्हतं. किती वेळ बघेल ती मुलगी दाराकडे, सायकल निघून गेल्यावर? त्या एका चित्राच्या कडेला कुवाबारासाननी जुन्या सवयीने तीन अधिक बारा लिहिलं होतं. मिझुएने त्यातल्या दीड सेकंदानंतरच मान खाली आणायला सुरुवात केली होती, सहा चित्रांत, कमळाचा देठ वाकावा तशी. समोर तळ्यात एक बगळा एका पायावर उभा होता. तिने सवयीने घड्याळ दाबलं. बगळा हलेना. वीस सेकंद. चाळीस. तिचाच हात दुखला, बगळा तसाच. मिझुएने घड्याळ बंद केलं आणि आपल्या गावी, त्सुरुओकाला, आईला फोन लावला. का लावला ते तिला सांगता आलं नसतं.

आईचं तिथे कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान होतं. आता भाऊ चालवतो, पण फोन आईच उचलते. "काय गं, आज गुरुवार. आजारी आहेस का?" "नाही. आई, मी लहानपणी पोहायला जायचे ना, तू न्यायला यायचीस. एकदा फार उशिरा आलीस. आठवतं?" "मी कशाला उशिरा येईन?" "आलीस एकदा. बर्फ पडत होता." "बर्फ तिथे कधी पडत नाही? यायची तशी आलेच होते की. तिथेच ठेवून नाही आले तुला." "किती उशीर झाला होता?" "कोण जाणे बाई. शिंतो देवळातल्या माणसाचे झगे पोचवायचे होते त्या दिवशी. दहा मिनिटं झाली असतील. का गं? त्याचा जाब विचारायला फोन केलास की काय, पस्तीस वर्षांनी?" "नाही गं. काम आहे त्याच्याशी." "कसलं काम?" "वाट बघण्याचं." पलीकडे इस्त्रीची वाफ फुस्सकन सुटली. "तुझी कामं मला कधी कळलीच नाहीत," आई म्हणाली. "मुळा खातेस ना? पोट साफ राहतं."

दहा मिनिटं! मिझुएला तो अख्खा हिवाळा वाटला होता. पोहण्याच्या तलावाच्या इमारतीतलं लांब बाकडं, औषधाच्या पाण्याचा वास, शीतपेयांच्या यंत्राची घरघर. ओल्या केसांची टोकं मानेला थंड लागत होती. बाकीच्या मुली गेल्या. दिवे अर्धे मालवले. बाहेर एक स्कूटर आली आणि तिने काचेच्या दाराकडे बघितलं, आणि ती आईची स्कूटर नव्हती. आणि मग? मिझुएने डोळे मिटले. मग तिने मान खाली घातली? नाही. पाय हलवले? नाही. पोहण्याच्या टोपीचं ओलं फडकं मांडीवर होतं, त्याचं पाणी झिरपून चड्डी भिजत होती, तरी ते उचललं नाही. डोळ्याला खाज सुटली तरी चोळला नाही. कारण हललं की संपलं असतं. हललं म्हणजे ती स्कूटर आईची नव्हती हे खरं झालं असतं. जोवर ती दाराकडे तशीच बघत होती तोवर आई अजून येण्यातच होती, दार ती आपल्या नजरेने उघडं धरून बसली होती. वाट बघणारं मूल हलत नाही. हलतात ती मोठी माणसं, घड्याळ बघतात, येरझारा घालतात, उसासे टाकतात. मूल जागचं हलत नाही! मिझुए ताडकन उठली. तिच्या उठण्याने बगळा उडाला, तिकडे तिचं लक्षही नव्हतं. ती तळ्याच्या काठाने पळत सुटली. शाळेनंतर ती कधी अशी पळाली नव्हती, कोट उघडा, धाप लागलेली, आणि तोंडाने चक्क मोठ्याने, "अरे देवा, अरे देवा, अरे देवा." कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईने कुत्र्याला उचलून घेतलं.

निइमीच्या तोंडात घास होता. "काढा," मिझुए म्हणाली.

"काय काढू?"

"सगळी. मी घातलेली सगळी."

"दोनशे अकरा?"

"त्यातली सव्वीस त्यांची. एकशे पंच्याऐंशी."

निइमीने घास गिळला. "तोगाशीसान, काल बोलले म्हणून रागाने करताय असं तर नाही ना? एक प्रत ठेवतो बाजूला."

"नको. प्रत ठेवली तर मी परत उचलेन. स्वतःला ओळखते मी."

एकेक चित्र जाताना तिला वाटलं होतं तसं दुखलं नाही. उलट हातांतली जड पिशवी खाली ठेवावी तसं होत गेलं. मानेची तीन गेली, आणि मुलीने एकदम दाराकडे बघितलं. मूल असंच बघतं, झटक्यात. सावलीची अकरा गेली, आणि सायकल नुसती निइमीच्या जिभेवर राहिली, ती जास्त लांबून आली आणि जास्त लांब गेली. शेवटी सव्वीस उरली. मिझुए पंचविसाव्यापाशी थांबली. मान खाली घातलेली मुलगी. हे चित्र कुवाबारासानचं. त्यांच्या हातचं, कोपऱ्यात त्यांचा चहाचा डागसुद्धा. "हेही काढा," ती म्हणाली. निइमीने आता खुर्ची मागे घेतली. "हे त्यांचं आहे." "माहीत आहे." "वाघाच्या तोंडात हात घालताय." "ती मान खाली घालत नाही, निइमीसान. खरंच नाही घालत. मी तिथे होते." निइमीने खुर्ची पुन्हा पुढे ओढली आणि ते काढलं. आता दाराकडे बघणारी मुलगी, आणि थेट आई. मधे काही नाही. मिझुएने डोळे मिटले आणि घड्याळ दाबलं. ओले केस, यंत्राची घरघर, दार. पुन्हा दाबलं. पाच अधिक एक. पुन्हा केलं: चार अधिक तेवीस. तिसऱ्यांदा पाच, वर काही नाही. तिने चित्राची कड धरली आणि ओढली.

शुक्रवारी खोलीत मिझुएखेरीज सहा माणसं दाटीवाटीने बसली. ओकुयामासाननी सगळ्यांसाठी गोड वड्या आणल्या होत्या आणि स्वतःचा आवाज ऐकायला त्या सगळ्यात पुढे होत्या. "बाई, मी थांबते अजून थोडा वेळ," पडदा म्हणाला, आणि त्या पदरात तोंड लपवावं तशा वड्यांच्या डब्यामागे लपल्या. मग सायकल आली. मुलीने दाराकडे बघितलं. सायकल गेली. आणि ते एकच चित्र, पेन्सिलचं, अर्धवट रेघांचं, पडद्यावर राहिलं. एक. ओकुयामासानच्या हातातला वडीचा कागद चुरचुरत होता. दोन. तो थांबला. तीन. कोणीतरी श्वास घेतला आणि सोडला नाही. मिझुए पडद्याकडे बघतच नव्हती, ती माणसांकडे बघत होती: सहा मोठी माणसं, कामांत बुडालेली, चष्मे लावलेली, आणि सगळी एका न हलणाऱ्या दाराकडे बघत होती. चार. आता कोणी खोकलं असतं तर तिने त्याला मारलं असतं. पाच. आई आली. सगळ्यांचे खांदे एकदम खाली आले आणि मिझुएच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आनंदाने, निव्वळ आनंदाने. ही माणसं पाच सेकंद तिच्या मुठीत होती आणि तिने त्यांना काहीही दिलं नव्हतं.

दिवा लागला. कुवाबारासान म्हणाले, "माझं एक चित्र कमी आहे."

"काढून टाकलं मी."

"आणि त्याच्या आधीचं किती ठेवलंस?"

"पाच."

"मी तीन अधिक बारा लिहिलं होतं."

"हो," मिझुए म्हणाली. "ते कमी होतं."

निइमीने छताकडे पाहिलं. कुवाबारासाननी गुडघा चोळला, किती वेळ ते मिझुएने मोजलं नाही. मग त्यांनी ओकुयामासानच्या डब्यातली वडी उचलली. "कमी होतं," ते म्हणाले, "खरंय," आणि वडी खाल्ली. प्रसंग तिचा झाला.

मग हिवाळाभर आणि अर्धा वसंत तो प्रसंग तिच्याभोवती वाढत गेला. मुख्य चित्रकाराला तिने मुलीचा पाय कसा टेकतो ते स्वतः बाकावर बसून दाखवलं. पार्श्वभूमीवाल्याशी बुटांच्या कपाटाच्या रंगावरून तिचं चक्क भांडण झालं, आणि भांडता येतं हे कळल्यावर ती दोन दिवस हवेत होती. वेळेच्या तक्त्यावर आता तिच्या अक्षरात आकडे होते. दाराकडे बघणाऱ्या मुलीच्या रकान्यात एकच चित्र, आणि त्याखाली एकशे वीस फ्रेमपर्यंत, म्हणजे पूर्ण पाच सेकंद, सरळ ओढलेली एक रेघ. तो तक्ता इतर तक्त्यांबरोबर समुद्रापलीकडे गेला. तिच्या खात्यातली टेबलं एप्रिलात उचलली गेली. ती तेव्हा रंगखात्यात मुलीच्या मोज्यांचा पांढरा निवडत होती.

सगळं रंगून, जुळून आलं तेव्हा लघुपट द्यायला चार दिवस राहिले होते. जिन्याखालच्या खोलीत तिघंच होती. पडद्यावर संध्याकाळचं तांबूस ऊन फरशीवर पडलं होतं, कपाटांत बूट होते, आणि मुलगी आता खरी होती, नाकाच्या शेंड्यापर्यंत. सायकल गेली. मुलगी दाराकडे बघत राहिली. तिसऱ्या सेकंदाला तिने पापणी लववली.

मिझुएला वाटलं, आपणच लववली असेल. "मागे घ्या," ती म्हणाली. निइमीने घेतलं. पापणी खाली आली, वर गेली. दोन चित्रं, तक्त्यात नसलेली. पलीकडे कुठेतरी कोणीतरी एकशे वीस फ्रेमची ती रिकामी रेघ पाहिली होती, त्याला किंवा तिला मुलीची दया आली होती, आणि कोणी न सांगता, जास्तीचं काम करून, तिथे दोन चित्रं घातली होती. आणि काय घातली होती! खाली येताना झटक्यात, वर जाताना किंचित जड, वरच्या पापणीची जाडी दोन्हींत तंतोतंत सारखी. या हाताला हे काम येत होतं. मिझुएचा स्वतःचा हात टेबलावर त्या रेषेवरून फिरला. या माणसाला तिला भेटायचं होतं. त्याच्या शेजारी बसून त्याची पेन्सिल कुठल्या मऊपणाची आहे ते विचारायचं होतं.

"दोन चित्रांचा तर प्रश्न," निइमी म्हणाला. "कोणाच्या लक्षातही येणार नाही. उलट जिवंत वाटतेय पोरगी. चार दिवस राहिलेत, तोगाशीसान."

तिने कुवाबारासानकडे पाहिलं. ते गुडघा चोळत होते. "माझ्याकडे काय बघतेस," ते म्हणाले. "तुझा प्रसंग."

"रिटेक," मिझुए म्हणाली.

आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. निइमीने खणातून गुलाबी चिठ्ठ्यांचं बाड काढून तिच्यापुढे टाकलं. तिने वर प्रसंगाचा आकडा लिहिला, चित्राचा लिहिला, 'दोन जादा चित्रं काढावीत' असं लिहिलं. खाली कारणाची एक ओळ असते. तिथे रेष जाड, डोळा सरकला, रंग चुकला, असं लिहायचं असतं, दोन शब्दांत. मिझुएने पेन्सिलीचं टोक तपासलं आणि त्या अनोळखी माणसाला नीट वाचता यावं म्हणून एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं: चित्रं सुरेख आहेत, पण मुलगी अजून वाट बघते आहे.